एमएसच्या फाइलमध्ये हृदयाचं पान

छातीभोवती रुंद पट्टा बांधून कुणीतरी तो आवळत चाललंय असं वाटतं. श्वास पुरता आत जात नाही, अंगावरचा कपडाही नकोसा होतो. कधी हे काही सेकंदांत ओसरतं, कधी तासन्‌तास टिकतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्या अनेकांना हा अनुभव येतो आणि त्यांच्या बोलण्यात त्याला ‘एमएस हग’ असं नाव आहे. मज्जारज्जूला इजा झाली, की छातीच्या भागातल्या संवेदना मेंदूपर्यंत चुकीच्या पोचतात, बरगड्यांमधले स्नायू आखडतात आणि हा आवळ बसतो. दुखणं खरं असतं, पण हृदयाशी त्याचा काही संबंध नसतो.

आता हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणं आठवून पाहा. छातीत आवळल्यासारखं होणं, दम लागणं, हात जड पडणं किंवा त्याला मुंग्या येणं, अंगातली ताकद गेल्यासारखा थकवा, दरदरून घाम. यातली बहुतेक लक्षणं एमएसच्या रुग्णाच्या रोजच्या ओळखीची. दहा-बारा वर्षं या आजारासोबत काढलेली पन्नाशीची बाई सकाळी उठून ‘छाती आवळतेय’ म्हणाली, तर घरातून पहिलं उत्तर येतं, ‘तुझं ते नेहमीचंच असेल, पड जरा वेळ.’ कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टरही फाइलवरचा आजार वाचतो आणि त्याचा विचार आपोआप मेंदूकडे वळतो. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणं तशीही पुष्कळदा ठळक नसतात. मळमळ, पाठीत दुखणं, नुसता अशक्तपणा एवढ्यावरच भागतं. आणि एमएस पुरुषांपेक्षा बायकांना दुप्पट-तिप्पट होतो. इथे चुकामूक होण्याला भरपूर वाव आहे.

ही चुकामूक टाळणं का गरजेचं आहे, याचा पुरावा गेल्या पंधरा-वीस वर्षांत डेन्मार्क, स्वीडन, इंग्लंड आणि कॅनडातून जमा होत गेला. एमएस असलेल्या माणसाला हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तो ओळखता येतो, आणि एमएसच्या मानाने त्यावर उपाय कितीतरी सोपे आणि स्वस्त आहेत. तरीही तपासणीच्या खोलीत त्याचा विषय क्वचितच निघतो.

आधी आजाराविषयी थोडं. मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण गेलं तिथे संदेश रेंगाळतात किंवा पोचतच नाहीत. एका डोळ्याने अंधुक दिसणं, पाय जड होणं, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, हे सगळं त्या एकाच बिघाडाचे परिणाम. पॅरिसच्या सालपेत्रिए रुग्णालयात जाँ-मार्तें शार्को यांनी १८६८ साली या आजाराची पहिली नीटस मांडणी केली. आज जगात २८ लाखांहून अधिक लोकांना तो आहे आणि निदान होतं ते साधारण विशी ते चाळिशीत, संसार आणि नोकरी ऐन भरात असताना. भारतात हा आजार नसतोच, असा समज बराच काळ होता. मुंबईच्या पारशी समाजात डॉ. नोशीर वाडिया आणि इतर न्यूरॉलॉजिस्टांनी केलेल्या पाहण्यांमध्ये दर लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले आणि त्या समजाला धक्का बसला. १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये एमएसचा समावेश आहे, हेही अनेक कुटुंबांना ठाऊक नसतं.

आता हृदयाकडे वळू. २०२० साली इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येकाची नोंद फॅमिली डॉक्टरकडे असते. संशोधकांनी १९८७ ते २०१८ या काळातल्या नोंदींतून एमएसचे १२,२५१ रुग्ण घेतले आणि त्यांच्या वयाची, त्याच भागातली, एमएस नसलेली ७२,५७२ माणसं तुलनेला घेतली. हृदयविकाराच्या झटक्यासारख्या तातडीच्या प्रसंगांचा धोका एमएसच्या रुग्णांत २८ टक्क्यांनी, तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा, म्हणजे पक्षाघात वगैरेचा, ५९ टक्क्यांनी जास्त निघाला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दीडपट होता. स्त्रियांमध्ये ही तफावत पुरुषांपेक्षा अधिक होती. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया आणि मॅनिटोबा या प्रांतांमध्ये साडेचौदा हजार रुग्णांची अशीच तुलना झाली. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा वाटा वजा केल्यावरही झटक्याचा धोका साठ टक्क्यांच्या आसपास जास्तच राहिला. स्वीडनच्या नोंदींत हार्ट फेल्युअरचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. तिथेच एक गोष्ट उलटी निघाली: हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एट्रियल फिब्रिलेशन हा प्रकार एमएसच्या रुग्णांत कमी दिसला. त्याचं पटेल असं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही.

असे आकडे वाचून घाबरायला होतं, म्हणून एक खुलासा. तीस टक्के जास्त धोका म्हणजे शंभरातल्या तीस जणांना अटॅक येणार, असं नाही. ठरावीक काळात इतर शंभर जणांपैकी दहा जणांना त्रास होणार असेल, तर एमएसच्या शंभर जणांपैकी तेरा जणांना होईल, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय तरुण वयात मुळातला धोकाच लहान असतो, त्यामुळे तीस वर्षांच्या मुलीने या आकड्यांपायी झोप उडवून घेऊ नये. पण ती मुलगी पन्नाशीची होणार आहे, साठीचीही होणार आहे. पश्चिम नॉर्वेतल्या एका दीर्घ अभ्यासात एमएसच्या रुग्णांचं सरासरी आयुर्मान ७४.७ वर्षं आढळलं. बाकीच्यांपेक्षा सात वर्षांनी कमी, पण तरी पंच्याहत्तरीला टेकलेलं. एमएसवरचं पहिलं औषध अमेरिकेत १९९३ साली मंजूर झालं. त्यानंतर निदान झालेली पिढी आता त्या वयात पोचते आहे, जिथे हृदयविकार कुणालाच नवा नसतो.

मग हा जादा धोका येतो कुठून? एकच कारण दाखवता येत नाही. एमएसमध्ये शरीरात दीर्घकाळ दाह चालू असतो, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही अशा दाहाचा त्रास होतो. चालणं कमी होतं, वजन वाढतं, स्नायू झडतात. आजार उसळला, की मिथाइलप्रेड्निसोलोन या स्टेरॉइडचा एक ग्रॅमचा डोस रोज, असा तीन ते पाच दिवस शिरेतून देतात; त्या दिवसांत साखर आणि रक्तदाब वाढतात, छातीत धडधडतं. बेचैनी आणि नैराश्य यांचा वाटाही आहे. मज्जासंस्थेचा जो भाग हृदयाची गती आणि रक्तदाब सांभाळतो, त्यातच कधीकधी एमएसची जखम होते. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा नाडी उगाच धावते. अगदी क्वचित, मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात आजार अचानक उसळला, तर हृदयाचे स्नायू काही दिवसांपुरते शिथिल पडल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. पण हे विरळ. नेहमीची कारणं साधीच असतात: बैठक, वजन, तंबाखू, न मोजलेला रक्तदाब.

ही कारणं आवरायला हवीत, हे एमएसच्या रुग्णाला पटवायला हृदयाचा धाक दाखवावाच लागत नाही. त्याचा सगळ्यात मोठा प्रश्न वेगळा असतो: मी किती वर्षं स्वतःच्या पायांनी चालेन? त्याचं उत्तर देणारा एक अभ्यास २०१० साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला. रुथ अ‍ॅन मेरी या कॅनडातल्या न्यूरॉलॉजिस्टने उत्तर अमेरिकेतल्या जवळपास नऊ हजार रुग्णांची माहिती तपासली. निदान झालं तेव्हा ज्यांना रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकार यांतलं काहीच नव्हतं, त्यांना चालताना आधार लागेपर्यंत मध्यकाप्रमाणे १८.८ वर्षं गेली. ज्यांना यातलं काही होतं, त्यांच्यावर ती वेळ १२.८ वर्षांनी आली.

सहा वर्षांचा फरक. मुलगी चौथीत आहे की दहावीत, एवढा. घराचा जिना स्वतः चढता येणं, लोकलच्या डब्यात स्वतः पाय ठेवता येणं, बाजारात कुणाच्या खांद्यावर हात न ठेवता जाता येणं, हे सगळं त्या सहा वर्षांत येतं. हा अभ्यास निरीक्षणाचा होता. रक्तदाब आटोक्यात आणला की सहा वर्षं मिळतीलच, अशी हमी त्यातून कुणी देऊ शकत नाही. पण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत गेल्या, तर आधीच जखमी झालेल्या तंतूंना सावरायला कमी वाव मिळतो, हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. एमएसच्या औषधांवर वर्षाकाठी हजारो, काही वेळा लाखो रुपये घालणाऱ्या कुटुंबाला रक्तदाबाची काही रुपयांची गोळी चुकवणं परवडणारं नाही.

तंबाखूबद्दल तर संकोच न करता बोलायला हवं. धूम्रपानाने एमएस होण्याची शक्यता वाढते आणि झालेला एमएस वेगाने बिघडतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली निदानानंतरही सिगारेट ओढत राहिलेल्या आणि ती सोडलेल्या रुग्णांची तुलना केली. सतत वाढत जाणाऱ्या अपंगत्वाचा टप्पा ओढत राहिलेल्यांच्या बाबतीत सरासरी ४८व्या वर्षी आला, सोडलेल्यांच्या बाबतीत ५६व्या. निदान झाल्यावर सोडूनही इतका फरक पडतो. महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. इथल्या बायका सिगारेट क्वचित ओढतात, पण मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू मळणाऱ्या बायका गावोगाव आहेत. डॉक्टरने ‘स्मोकिंग?’ विचारलं, की त्या नाही म्हणतात आणि खरंच सांगतात. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात चघळायच्या तंबाखूनेही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला. तेव्हा प्रश्न ‘मिश्री लावता का?’ असाच विचारायला हवा.

याच ‘इंटरहार्ट’मधून आपल्याकडच्यांसाठी दुसरी चिंतेची गोष्ट पुढे आली. २००७ साली नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो. बाकी जगात ते वय ५९च्या जवळ आहे. एमएसमुळे येणाऱ्या जादा धोक्याचे वर दिलेले सगळे आकडे युरोप-कॅनडाचे आहेत. त्यांत आपली ही सहा वर्षांची घाई धरलेली नाही. त्यामुळे भारतातल्या रुग्णाने हृदयाची तपासणी पन्नाशीनंतर बघू म्हणून पुढे ढकलू नये. चाळिशी उलटली, की सुरुवात व्हायला हवी. मधुमेह, रक्तदाब किंवा घरात कुणाला लवकर अटॅक आल्याचा इतिहास असेल, तर त्याआधीच.

एमएसच्या औषधांपैकी काहींचा हृदयाशी थेट संबंध येतो, आणि इथे जरा सविस्तर सांगणं भाग आहे.

मायटोझँट्रोन हे मुळात कॅन्सरचं औषध. गडद निळ्या रंगाचं. सलाईनमधून घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते, म्हणून ज्यांनी घेतलं त्यांच्या ते कायम लक्षात राहतं. झपाट्याने बिघडणाऱ्या एमएससाठी अमेरिकेत २००० साली त्याला परवानगी मिळाली. नंतर लक्षात आलं, की एकूण डोस वाढत गेला तसं ते हृदयाच्या स्नायूला दुबळं करतं. म्हणून आयुष्यभराची मर्यादा ठरली, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे १४० मिलिग्रॅम, आणि प्रत्येक डोसाआधी हृदयाची पंप करण्याची क्षमता मोजायची असा दंडक घातला गेला. नवी औषधं आल्यावर त्याचा वापर खूपच घटला. पण मुद्दा जुन्या रुग्णांचा आहे. हा दुष्परिणाम औषध बंद केल्यावर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, त्यामुळे एकदा मायटोझँट्रोन घेतलेल्या माणसाने दरवर्षी टूडी इको करत राहावा, असं औषधाच्या माहितीपत्रकातच सांगितलेलं आहे. पंधरा वर्षांपूर्वी ‘ते निळं सलाईन’ घेतल्याचं आठवत असेल आणि त्यानंतर एकदाही इको झालेला नसेल, तर पुढच्या आठवड्यात तो करून घ्यावा.

दुसरं औषध फिंगोलिमोड. एमएसवरची ही पहिली तोंडाने घ्यायची गोळी, २०१० साली अमेरिकेत मंजूर झालेली. आता भारतात तिच्या देशी आवृत्त्याही मिळतात. प्रतिकारशक्तीच्या पेशींना लसिकाग्रंथींमध्ये रोखून धरणं हे तिचं काम. पण ती ज्या ग्राहींवर काम करते, ते हृदयातही असतात, त्यामुळे पहिल्या गोळीनंतर नाडी मंदावते, साधारण चार-पाच तासांनी सगळ्यांत जास्त. २०११ साली अमेरिकेत पहिल्या गोळीनंतर चोवीस तासांच्या आत एका रुग्णाचा मृत्यू झाला. त्यानंतर चौकशी होऊन नियम कडक झाले. पहिली गोळी रुग्णालयातच घ्यायची, आधी इसीजी, मग सहा तास दर तासाला नाडी आणि रक्तदाब, शेवटी पुन्हा इसीजी. गेल्या सहा महिन्यांत झटका किंवा पक्षाघात आलेल्याला हे औषध देत नाहीत.

घरी नेमकं चुकतं ते पुढे. पैशांची अडचण, दुकानात गोळी नसणं, लग्नसराईतला प्रवास अशा कारणांनी गोळ्या बंद पडतात आणि महिन्याभराने माणूस शिल्लक पाकीट काढून पुन्हा सुरू करतो. पहिला महिना पार पडल्यानंतर सलग चौदा दिवसांहून अधिक खंड पडला, तर पुढची गोळी पुन्हा ‘पहिली’ धरायची असते, म्हणजे परत सहा तासांची देखरेख. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत तर एका दिवसाचा खंडही तेवढाच महत्त्वाचा. ही सूचना गोळीच्या डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखी आहे. दुसरी चूक दोन डॉक्टरांमध्ये घडते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलोलसारखी नाडी मंदावणारी गोळी एक डॉक्टर देतो, फिंगोलिमोड दुसरा देतो, आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. दोन्ही औषधं आपापल्या जागी बरोबर असूनही एकत्र आल्यावर नाडी धोक्याच्या खाली जाऊ शकते. सिपोनिमोडसारख्या याच गटातल्या नव्या गोळ्या लहान डोसापासून चढवत नेतात, ते हृदयाला सवय व्हावी म्हणूनच.

अ‍ॅलेम्टुझुमॅब या औषधाबद्दल २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पक्षाघाताचा इशारा दिला. बाकी बहुतेक औषधांचा हृदयावर असा परिणाम होत नाही, आणि उपचार न घेतलेला एमएस त्या सगळ्यांपेक्षा घातक आहे. वरचं वाचून कुणीही आपली गोळी परस्पर बंद करू नये.

व्यायामाबद्दल एमएसच्या रुग्णांना कित्येक दशकं उलटाच सल्ला मिळत आला. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं, की शारीरिक श्रम झाले, की काही रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते. त्याचा अर्थ पुढे असा लावला गेला, की श्रम टाळा, घाम येऊ देऊ नका, विश्रांती घ्या. माणसं खाटेला लागली, त्यांची ताकद गेली आणि दोष आजारावर आला. १९९६ साली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात जॅक पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांनी पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, चाळीस मिनिटं हात आणि पाय दोन्हींनी चालवायच्या यंत्रावर व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, ताकद वाढली, थकवा आणि उदासी कमी झाली, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स उतरली, आणि एमएस बिघडला नाही. श्रमांनी शरीर तापल्यावर येणारी धूसरता ते निवलं की जाते. तिने नवी जखम होत नाही. आज तज्ज्ञांचा सल्ला आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या हालचालीचा आहे, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे.

अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, हा सल्ला पाळायचा कसा? पहाटे साडेपाच-सहाला, किंवा कूलरसमोर घरातच. आधी गार पाणी प्यावं, मानेभोवती ओला पंचा ठेवावा, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. पाय साथ देत नसतील, तर खुर्चीत बसून हातांचा व्यायाम. हृदयाच्या हिशेबात तोही धरला जातो. ज्यांना पोहण्याचा तलाव जवळ आहे, त्यांच्यासाठी पाण्यातला व्यायाम फार चांगला, कारण अंग तापत नाही आणि पडण्याची भीती नसते.

आहाराच्या बाबतीत रॉय स्वांक यांचं नाव घ्यायला हवं. या न्यूरॉलॉजिस्टने १९४०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात आपल्या एमएसच्या रुग्णांना लोणी, चीज, चरबीयुक्त मांस यांवर कडक बंधन घातलं आणि त्यांचा ३४ वर्षं पाठपुरावा करून १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. पथ्य पाळणाऱ्यांची तब्येत बरी राहिली, असं त्यांचं म्हणणं होतं. तुलनेला दुसरा गट नसल्यामुळे या पथ्याने एमएस थांबतो, असं सिद्ध झालं नाही. पण तूप-लोणी-वनस्पती तूप बेताचं, भाज्या-डाळी भरपूर, हे जेवण हृदयाला मानवतं, यात शंका नाही, आणि एमएसच्या रुग्णाला तेवढं कारण पुरे आहे. खास ‘एमएस डाएट’च्या नावाने महागडी पाकिटं विकणाऱ्यांच्या मात्र नादी लागू नये.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांची कथा अशीच शिकवणारी आहे. लंडनमधल्या जेरेमी चॅटवे यांच्या गटाने २०१४ साली १४० रुग्णांवरच्या चाचणीत दाखवलं, की सिमव्हास्टॅटिनच्या मोठ्या डोसाने मेंदू आक्रसण्याचा वेग ४३ टक्क्यांनी मंदावला. केवढी आशा निर्माण झाली! मग ९६४ रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २०२४ साली तिचा निकाल कळला: अपंगत्व वाढण्याचा वेग काही कमी झाला नाही. म्हणजे एमएससाठी स्टॅटिन घेण्यात अर्थ नाही. पण ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त आहे किंवा ज्याला हृदयविकार आहे, त्याने हृदयासाठी ती घ्यायलाच हवी. एमएस आहे म्हणून ती टाळण्याचं कारण नाही. वर सांगितलेल्या इंग्लंडच्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्या एमएसच्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमीच आढळलं होतं.

राहिला प्रश्न तपासणीचा. तिथे एमएसच्या रुग्णाच्या वाट्याला येणाऱ्या अडचणी निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाहीत. व्हीलचेअरवरच्या माणसाचं वजन करायचं कसं? बहुतेक दवाखान्यांत उभं राहायचाच काटा असतो, म्हणून वर्षानुवर्षं वजनाची नोंद होत नाही. अशा वेळी टेपने पोटाचा घेर मोजून लिहिला तरी चालतो. हृदयाची सर्वपरिचित चाचणी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायची टीएमटी. ज्याचे पाय अडखळतात, तो दोन मिनिटांत उतरतो, ‘चाचणी अपूर्ण’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. तो संपायला नको. औषधाने हृदयाची गती वाढवून करायचा स्ट्रेस इको, न्यूक्लिअर स्कॅन, सीटी अँजिओग्राफी हे पर्याय अशाच माणसांसाठी आहेत; ते मागावे लागतात, एवढंच. कॅनडातल्या नोंदींत असंही दिसलं, की झटका आल्यानंतर एमएसच्या रुग्णांची अँजिओग्राफी इतरांपेक्षा कमी वेळा होते. जिथे सरकारी खर्चाने उपचार मिळतात, तिथली ही गत. ‘आधीच आजारी आहेत, आणखी कशाला त्रास द्यायचा’ हा विचार दयेपोटी येत असेल, पण त्याने माणसं दगावतात.

आणखी एक भीती घरोघर असते: स्टेंट घातल्यावर एमआरआय करता येणार नाही आणि मग एमएसचं कसं कळणार? आजच्या स्टेंटसह एमआरआय करता येतो. पेसमेकर बसवायची वेळ आली, तर मात्र एमआरआयला चालणाराच पेसमेकर हवा, हे हृदयरोगतज्ज्ञाला आधी सांगावं. नंतर बदलणं सोपं नसतं.

रक्तदाब मोजतानाही एक पथ्य पाळावं. आधी आडवं झोपून मोजावा, मग उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला, तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो आणि औषधं ठरवताना तो लक्षात घ्यावा लागतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या टिझानिडिनसारख्या गोळ्यांनीही रक्तदाब उतरतो.

एमएसचा रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे वर्षातून दोन-तीनदा जातोच. त्या प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जावा, वर्षातून एकदा उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल व्हावं, फाइलमध्ये एमआरआयच्या जाडजूड लिफाफ्याशेजारी हृदयाचं एक पान असावं: रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, तंबाखू, शेवटचा इसीजी कधी, आणि चालू औषधांची पूर्ण यादी. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर घरच्यांनी आठवण करावी. आणि छातीत असा आवळ आला, जो नेहमीपेक्षा वेगळा आहे, सोबत घाम किंवा मळमळ आहे, किंवा काही मिनिटांत ओसरत नाही, तर तो एमएसचा की हृदयाचा याचा निवाडा घरी करत बसू नका. १०८ला फोन करा, आणि रुग्णालयात पोचल्यावर आधी इसीजी काढायला सांगा.